ओवोवरचे क्रौंच

माझी मुलगी यांजमा ट्रकमधून उतरली, खाली वाकली, एक खडा उचलून जिभेला लावला, थुंकून टाकला आणि मग मला म्हणाली, "बाबा, बरे आहात ना?"

दोन वर्षांनी भेटत होती. पहिला मान खड्याला, दुसरा बापाला. शेजारी खोर्लोअक्का उभी होती, ती बोलली. "दगड झालेल्या हाडाला जीभ चिकटते म्हणे, म्हणून चाटून बघतात. तुला चाटलं नाही हे नशीब समज, पुन्त्साग."

खोर्लोअक्काचं गेर, म्हणजे जाड लोकरीचा गोल तंबू, माझ्या गेरपासून हाक पोचेल एवढ्या अंतरावर आहे, आणि तिची हाक फार लांब पोचते. वय सत्तरच्या पुढे. माझी बायको गेल्यापासून उंटिणींची धार आम्ही दोघं मिळून काढतो. ती काढते आणि बोलते, मी काढतो आणि ऐकतो.

यांजमाच्या मागून पाच माणसं उतरली. पिकल्या मिशांचे होते ते दाशन्याम, तिचे गुरुजी, राजधानीच्या संस्थेत जुन्या हाडांच्या खात्याचे मुख्य. बाकीच्या चौघांनी फावडी, ब्रश आणि प्लास्टरची पोती उतरवली. आमच्या दक्षिणेला जी घळ आहे ती बारा दिवस शोधायची, असं त्यांच्या कागदावर लिहिलं होतं.

चहा पिताना यांजमाने मला सगळं समजावून सांगितलं. "बाबा, साडेतीन कोटी वर्षांपूर्वी इथे तळं होतं. तुमच्या पायाखाली."

"आता मला विहिरीत अठ्ठावीस हात दोर सोडावा लागतो," मी म्हणालो. "थोडं ठेवायचं होतं की."

ती हसली. मग तिने त्या पक्ष्याबद्दल सांगितलं. त्या तळ्याच्या उथळ पाण्यात एक पक्षी चालायचा. क्रौंचाच्या घराण्यातला, पण फार मागचा. उंच, लांब पायांचा. पुस्तकात त्याला इओग्रस म्हणतात. संस्थेच्या कपाटात त्याचं पायाचं एक अर्धं हाड आहे, साठ वर्षांपूर्वी कुणीतरी आणलेलं. त्याच्या चिठ्ठीवर आमच्या घळीचं नाव आहे, पण कुठल्या थरातून काढलं ते लिहिलेलं नाही. यांजमाचं म्हणणं, तो पक्षी इथलाच, घळीच्या तळातल्या राखाडी थरातला. बाकीचे म्हणतात, चिठ्ठी चुकली असेल.

"आणि या खेपेला काही मिळालं नाही तर?" मी विचारलं.

"तर विषय बंद. माझी नेमणूक शरदापर्यंत आहे. पुढे वाढवणार नाहीत."

"मग?"

"मग काय. घरी येईन, तुमचे उंट राखीन." ती हसतच म्हणाली. मला मात्र हसू आलं नाही.

खरं सांगायचं तर माझ्या मनाने तेव्हाच उडी मारली. ती घरी येणार. चार वर्षं मी एकटा चहा करतोय आणि सवयीने दोन वाट्या काढतोय. बाप असून लेकीचं काम फसावं असं वाटणं चांगलं नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण वाटलं, आणि पहिल्या दिवसापासून वाटलं.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. सहा जण ओळीने उभे राहायचे आणि कंबरेत वाकून, इंच इंच जमीन बघत घळीतून चालायचे. पावसाने, वाऱ्याने थर झिजतो, आतलं हाड वर डोकावतं, ते आधी बघायचं आणि मग तिथे खणायचं, अशी रीत. खणायचं कुठे ते वरची हाडंच सांगतात. दिवसभर उन्हात वाकून संध्याकाळी यांजमा गेरमध्ये आली की मी तिला वाळलेलं आंबट दही द्यायचो आणि ती ते चघळत तशीच झोपून जायची.

मोठाल्या जनावरांचे दात मिळाले. कासवांच्या पाठी मिळाल्या, मगरीचा जबडा मिळाला. पक्ष्याचं मात्र एकही हाड मिळालं नाही, टाचणीएवढंसुद्धा नाही.

सहाव्या दिवशी दाशन्याम गुरुजी माझ्याकडे चहाला आले. "पुन्त्साग गुआई," ते मला मानाने हाक मारून म्हणाले, "तीस वर्षं मी हे काम करतोय. इतकी स्वच्छ घळ मी पाहिली नाही. जिथे कासव टिकलं तिथे पक्ष्याचा एखादा तुकडा तरी टिकायला हवा. नाही, म्हणजे पक्षी इथे नव्हताच. पोरगी हुशार आहे, पण हट्टी आहे."

"आईवर गेलीय," मी म्हणालो, आणि आमच्या खारट चहात मीठ दुसऱ्यांदा टाकलं.

गुरुजींचं काही चुकत नव्हतं. चूक आमची होती, माझी आणि माझ्या वडिलांची. ती घळ आम्ही दोन पिढ्या निवडत आलो होतो, बायका तांदूळ निवडतात तशी.

घरचा चांगला घोडा मेला की त्याची कवटी आपण उंचावर नेऊन ठेवतो. ज्याने पाठीवर वाहिलं त्याचं डोकं गुरांच्या पायाखाली येऊ नये. हे सगळेच करतात. माझ्या वडिलांनी तेच क्रौंचांसाठी केलं. मी नऊ वर्षांचा होतो. घळीत एक लांब, बारीक पायाचं हाड उघडं पडलं होतं, हातात घेतलं तर दगडासारखं जड. वडिलांनी ते डेलच्या, अंगातल्या लांब झग्याच्या, बाहीने पुसलं आणि म्हणाले, "हा म्हातारा क्रौंच. इतका म्हातारा की दगड झालाय." क्रौंचाला कुणी इजा करत नाही, करेल त्याचं घर बसतं. मग त्याचा पाय उंटांनी तुडवायचा, हे वडिलांना कसं चालावं? टेकडीवर आमचा ओवो आहे, दगडांचा ढीग, वर वाळक्या फांद्या आणि निळी खादगं, म्हणजे पूजेची रेशमी वस्त्रं. हाड तिथे नेलं, दगडांखाली ठेवलं, तीन फेऱ्या घातल्या आणि आम्ही परत आलो.

त्या काळात ओवोची पूजा करायला सरकारची बंदी होती. तालुक्याच्या गावाहून माणूस यायचा, कोण वर जातं ते विचारायचा. "घरात बोलू नकोस," वडील म्हणाले. "पोरं शाळेत बोलतात." मी बोललो नाही. पुढे वडील गेले, दरवर्षी बर्फ वितळल्यानंतर मी एकटा घळीतून फिरायचो, पक्ष्याचं काही दिसलं की उचलायचो. इतर जनावरांच्या हाडांना हात लावला नाही. तालुक्याचा माणूस यायचा बंद झाला, सरकार बदललं, ओवोवर उघड खादगं बांधायला लागले, पण माझ्या तोंडाचं कुलूप काही निघालं नाही. यांजमा शाळेत बोलेल म्हणून तिला सांगितलं नव्हतं. ती शाळेतून सुटून दहा वर्षं झाली तरी सांगितलं नाही. आणि आमच्या ओवोवर बायका चढत नाहीत, पायथ्याशी थांबतात. का, ते मला विचारू नका. मी विचारलं तेव्हा मलाही कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे तिने वर काय आहे ते कधी पाहिलंच नाही.

ती इओग्रसबद्दल बोलायला लागली त्या पहिल्या संध्याकाळीच माझ्या लक्षात आलं होतं. क्रौंचाच्या घराण्यातला, फार मागचा. वडील अडाणी होते, पण घराणं बरोबर ओळखलं होतं त्यांनी.

आठव्या दिवशी सकाळी धार काढताना खोर्लोअक्काने विषय काढला. तिचा नवरा हयात असताना माझ्याबरोबर ओवोवर यायचा, हाडं त्याने पाहिली होती, त्यामुळे तिला माहीत होतं.

"पोरीला सांगितलंस का?"

"काय?"

"माझ्यासमोर वेड पांघरू नकोस. ती सहा माणसं रोज उन्हात वाकतायत. त्या गुरुजीची कंबर मोडायला आलीय. आणि तू बसून चहा पाजतोयस."

"ओवोवरचं खाली आणत नाहीत, अक्का."

"खाली आणू नको. सांगायला काय झालं? सांगायला ओवो आडवा येतो?" तिने कासंडी दुसऱ्या मांडीवर घेतली. "मी सांगू तुला काय झालंय? पोरगी हरली की घरी येते. म्हणून गप्प आहेस."

मी उंटिणीचं पिल्लू ओढून बाजूला केलं. उगाचच, ते काही मध्ये येत नव्हतं.

"मला नाही का वाटत ती यावी असं?" खोर्लोअक्का म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "तुझ्यासारख्या माणसाबरोबर रोज धार काढायची म्हणजे काय, ते मलाच माहीत. पण हरून आलेली पोर घरात आणून तू काय करणार आहेस? रोज तिचं तोंड बघणार?"

मी पुढच्या उंटिणीकडे वळलो. रागच आला होता, कारण तिचं सगळं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ठरवलं की परवा निघायचं, उरलेले दिवस दुसऱ्या जागी घालवायचे. यांजमाने ऐकून घेतलं, हो म्हणाली, आणि दुपारी माझ्याबरोबर विहिरीवर आली. उंट पाजायचे होते. ती दोर ओढत होती, मी डोणीत पाणी ओतत होतो. तिचे हात शहरात राहून मऊ झालेत असं मला वाटलं होतं. तसे काही झाले नव्हते.

"बाबा," ती म्हणाली, "मी खरंच येते घरी. आधी गमतीत बोलले होते. आता विचार करून बोलतेय."

माझ्या कानांना हवं होतं तेच ती बोलली होती. मी पाणी ओतत राहिलो.

डोणीतून सांडलेल्या पाण्याने बाजूला चिखल झाला होता. दोर ठेवून ती त्या चिखलाशी उकिडवी बसली. सकाळी क्रौंच येऊन गेले होते, त्यांची पावलं उमटली होती.

"हे बघा," ती म्हणाली. "दोन पक्षी. हा पुढे चालत होता. याचा डावा पाय आखूड पडतोय, लंगडतोय थोडा. इथे थांबला. दुसरी याच्यासाठी थांबली, इथे बघा, पाऊल वळलंय." तिने बोट चिखलावरून, न टेकवता, फिरवलं. "तीन बोटं पुढे, मागचं टेकत नाही. माझ्या पक्ष्याचं आतलं बोट अगदी एवढंसं होत चाललेलं. पाण्यात चालता चालता त्याला पळायलाही यायला लागलं होतं, बाबा. मला तो नेमका त्या वेळचा हवा होता."

मी चाळीस वर्षं त्या चिखलातली पावलं बघतोय. क्रौंच आले, क्रौंच गेले, एवढंच मला दिसायचं. तिला त्यातला लंगडा दिसला, त्याच्यासाठी थांबलेली दिसली. आणि हे सांगताना तिच्या तोंडावर जे होतं ते तिची आई गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं. ते तोंड उंटांच्या लेंड्यांशी बसवायला निघालो होतो मी. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती मी तिथेच बोलून टाकली.

"पोरी, तुझी हाडं वर आहेत. ओवोवर. मी नेली."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग मी वडिलांपासून सगळं सांगितलं. ती उठून उभी राहिली.

"किती?"

"मोजली नाहीत."

"किती, बाबा?"

"एखादं पोतं भरेल."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उंटांच्या पलीकडे चालत गेली, लांब गेली, आणि मी डोण भरत राहिलो, कारण उंट तहानलेले होते. बऱ्याच वेळाने परत आली. डोळे लाल होते.

"नऊ दिवस तुम्ही बघत होतात."

"हो."

"का?"

"तू घरी यावीस म्हणून."

ती खाली बसली. मग म्हणाली, "आता त्यांचा उपयोगही नाही. हाड कुठल्या थरातून आलं ते माहीत नसेल तर त्याच्यावरून काही सिद्ध होत नाही. कपाटातलं आहे तसं आणखी एक पोतं. हाड आणि जागा, दोन्ही लागतात."

"जागा मला माहीत आहे."

"चाळीस वर्षांच्या जागा?"

"मी तिथे हाडं शोधायला जात नव्हतो, उंट शोधायला जायचो. हरवलेला उंट कुठे सापडला ते विसरतं का कुणी? एक हाड तर मला झोपेत दिसतं. तू तीन वर्षांची होतीस. कान फाटलेली उंटीण व्यायला म्हणून पळाली होती, घळीच्या तिसऱ्या वळणावर सापडली. पिल्लू नुकतंच पडलं होतं. ते उभं राहीपर्यंत मी दरडीला टेकून बसलो, आणि माझ्या गुडघ्याशी दरडीतून पाय बाहेर आला होता. मी ओढला. तो मोडला. अर्धा माझ्या हातात आला, अर्धा आत राहिला. क्रौंचाचा पाय मोडला म्हणून महिनाभर मी घाबरून होतो."

यांजमाने माझा दंड धरला. "आत राहिला?"

"मी तरी काढला नाही."

संध्याकाळी गुरुजींसमोर मी हे सगळं परत सांगितलं. त्यांनी आपली वही उघडून मागचं एक पान काढलं. मग म्हणाले, "मी लिहून ठेवलं होतं की इथे पक्षी नव्हता. कासवाचा दाखला देऊन लिहिलं होतं."

"तुम्हाला काय ठाऊक की कुणी उचलून नेतं," मी म्हणालो.

"लांडगा नेतो, पूर नेतो, ते आम्ही धरतो," गुरुजी म्हणाले. "भक्त धरत नाही."

निघणं त्यांनी दोन दिवस पुढे ढकललं.

सकाळी मी सगळ्यांना तिसऱ्या वळणावर नेलं आणि जागा दाखवली. दिवसभर त्यांनी खणलं. काही निघालं नाही. दुपारनंतर गुरुजी घड्याळ बघायला लागले. उंटाबद्दल माझी चूक होत नाही, पण घळ काय उंट आहे? चोवीस वर्षांत किती पूर येऊन गेले असतील.

"बाबा," यांजमा म्हणाली, "बसा."

"दमलो नाही मी."

"तसं नाही. तेव्हा बसला होतात तसे बसा. दरडीला टेकून. समोर काय दिसत होतं?"

मी बसलो. डोळे मिटले. कान फाटलेली उंटीण पिल्लाला चाटत होती. तिच्या वशिंडांच्या मधून लांब, विहिरीपलीकडचा काळा खडक दिसत होता. मी मनात म्हटलं होतं, पिल्लू उभं राहिलं की त्या खडकाच्या रोखाने घरी जायचं. डोळे उघडले तर खडक दिसत नव्हता, मध्ये दरड येत होती.

"खडक दिसायला हवा," मी म्हणालो.

"मग सरका."

बासष्ट वर्षांचा माणूस मी, दरडीला पाठ लावून बुडावर सरकत निघालो. संस्थेची चार माणसं तोंडावर हात धरून हसत होती. खोर्लोअक्का ताक घेऊन आली होती, ती तोंडावर हात न धरता हसत होती. सतरा-अठरा पावलं सरकलो तेव्हा दरडीच्या कडेआडून काळा खडक बाहेर आला, आधी कोपरा, मग सगळा.

"इथे," मी म्हणालो.

यांजमाने दरडीला हात लावला. राखाडी माती होती, तळातल्या थराची. तिने फावडं घेतलं नाही, छोटी सुरी घेतली, आणि गुडघ्यावर बसून माझ्या गुडघ्याच्या उंचीवर खरवडायला लागली. गुरुजी तिच्या शेजारी बसले. कुणी हसत नव्हतं. उन्हं कलायच्या आत मातीतून एक गोल, तपकिरी टोक दिसलं, त्याच्यापलीकडे तीन खोबणी, आणि त्यांना लागून बोटांची हाडं, एकापुढे एक, जशी चालताना असतात तशी. दोन बोटं मोठी. आतलं एवढंसं.

यांजमाने सुरी खाली ठेवली. "बाबा, वरचा भाग," ती म्हणाली. "तो यालाच बसतो का ते बघितल्याशिवाय खरं नाही."

गुरुजी उठले. "मी जातो वर. मला दाखवा कुठे ते."

"तुम्ही नको," मी म्हणालो. "ज्याने नेलं त्यानेच आणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे टेकडीपाशी गेलो. यांजमा आणि खोर्लोअक्का पायथ्याशी थांबल्या. मी एकटा चढलो. तीन फेऱ्या घातल्या, दूध शिंपडलं. काय बोलावं ते सुचेना. ओवोवरून काही खाली आणताना म्हणायचं असं काही नसतं, कारण कुणी आणतच नाही. मी साधंच बोललो. म्हटलं, मी मोडला होता, मीच जोडायला नेतोय. मग दगड बाजूला केले. ते हाड मला न बघता हाताला लागलं, तुटकं टोक ओळखीचं होतं. निळ्या खादगात गुंडाळून खाली आलो.

खाली गुरुजींनी ट्रकमधल्या गादीवर, प्लास्टरमध्ये बसवून, पाय आणला होता. यांजमाने माझ्या हातातून हाड घेतलं, दोन्ही हातांनी, उजवा हात डाव्याला आधार देऊन, घरी मोठ्यांकडून वाटी घेतात तसं. तुटकं टोक तुटक्या टोकाशी आणलं. थोडं फिरवलं. आणि ते बसलं. मध्ये केसभर फट राहिली नाही. चोवीस वर्षं मोडलेला पाय परत एक झाला.

"बसलं," ती म्हणाली, आणि रडायला लागली. माझं तिच्याआधीच सुरू झालं होतं.

गुरुजींनी टोपी काढली. "पुन्त्साग गुआई, वर अजून किती असतील?"

"चाळीसेक."

"आणि सगळ्यांच्या जागा आठवतात?"

"उंट आठवतात. जागा त्यांच्यामागून येतात. पण खाली न्यायची तर उंच ठेवायची. तुमच्याकडे कुठे ठेवता?"

"तळमजल्यावर कपाटं आहेत."

"तळमजला चालायचा नाही. त्यांच्या डोक्यावरून कुणी चालता कामा नये."

"वरच्या मजल्यावर हिशेबाची माणसं बसतात."

"त्यांना खाली बसवा," मी म्हणालो. "हिशेब तुडवले तरी चालतात."

गुरुजी हसले नाहीत, वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "चाळीस हाडं, चाळीस जागा, प्रत्येक जागी थर बघायचा. हे एका उन्हाळ्याचं काम नाही. चार तरी लागतील. नेमणुकीचं मी बघतो. पण हिला दर वर्षी इथे येऊन राहावं लागेल, तुमच्याजवळ. तुमची हरकत नसेल तर."

मी खोर्लोअक्काकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघितलं असतं तर तिने काहीतरी बोलून घेतलं असतं.

यंदाचा हा दुसरा उन्हाळा. यांजमा गवत उगवायच्या आधी आली आणि क्रौंच उडाल्यावर जाणार आहे. या वेळी ट्रकमधून उतरून आधी माझ्याकडे आली, खडा नंतर चाटला. दर पंधरा दिवसांनी, सकाळी धार झाली की मी ओवोवर जातो, फेऱ्या घालतो, एक हाड खाली आणतो. मग आम्ही दोघं घळीत जातो. मी उंटाची गोष्ट सांगतो, ती मला दरडीला टेकून बसायला लावते आणि लिहून घेते. गोष्टी लांब असतात. काही उंट मी थोडे जास्त हरवलेले सांगतो.

काल खोर्लोअक्काने यांजमाच्या देखत विचारलं, "काय रे, दर खेपेला एकच हाड आणतोस? पोतं घेऊन गेलास तर एका फेरीत सगळी येतील."

"गुडघे दुखतात," मी म्हणालो.

यांजमाने वहीतून मान वर केली नाही. "दुखतातच त्यांचे," ती म्हणाली. "घाई करू नका, बाबा."